चालते म्हणून नापास

दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या तरुण संपादकांनी मला विषयही ठरवून दिला, ‘माझ्या कामातले समाधानाचे क्षण’. मी त्यांना विचारलं, “संतापाचे चालतील का?” ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत.

मी विनोद करत नव्हते. लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काम केलं. त्यातली बहुतेक कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत गेली. समाधान मिळालं नाही असं मुळीच नाही. पण प्रत्येक वेळी ते कुणाच्या तरी हातातून ओढून घ्यावं लागलं. आणि जिथं ओढायला हवं होतं तिथं मी पुष्कळदा गप्प बसले. तेच आता घरी बसल्यावर जास्त आठवतं.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना मालिश वाटतं. आमच्या भिंतीला लागून तालीम होती. तिथले वस्ताद मला येता-जाता “काय बाई, आमच्याच लायनीतल्या तुम्ही” म्हणायचे. तसं नसतं. तान्हं मूल मान धरतं, पालथं पडतं, बसतं, रांगतं, उभं राहतं, चालतं. घरच्यांना वाटतं, हे आपोआप होतं, आणि बहुतेक घरांत होतंही. पण जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, इजा झाली, तर यातली एकेक गोष्ट हातानं घडवावी लागते. मुलाच्या अंगाला तीच हालचाल शंभर वेळा, हजार वेळा करून दाखवायची, तेव्हा कुठं एक दिवस ते अंग म्हणतं, बरं, करून बघतो. माझ्याकडं यंत्रं-बिंत्रं काही नव्हती. टायरवाल्याकडून आणलेली ट्रॅक्टरची ट्यूब, गादीवाल्यानं काथ्या भरून शिवून दिलेला एक लांबट लोड आणि सुतारानं खोक्याच्या फळ्यांची ठोकलेली, कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची. यावर मी कितीतरी मुलं बसवली, त्याचा मला अजून अभिमान आहे.

सुजाता आली तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मलकापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली कांबळ्यांची पोर. बाप मधुकर गावच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर. आई संगीता बावीस-तेवीसची, अंगानं बारीक, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावर ती बोलली तर आतल्या खोलीत मुलं दचकायची.

पोरीची मान मोडून पडल्यासारखी होती. डोळे उघडे, पण कुठं बघत नव्हते. मी कागद मागितले. संगीतानं पिशवीतून गठ्ठा काढला आणि तोंडपाठ सांगायला लागली. जन्मली तेव्हा रडली नाही. सातव्या महिन्यापासून अंग एकदम आखडून पुढं झुकायची, दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा लागोपाठ. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गॅस. दुसऱ्यांनी सांगितलं, दचकते, मोठी झाली की जाईल. तिसऱ्यांनी सांगितलं, आईचा वहम आहे. चौथ्या ठिकाणी, कोल्हापुरात, त्याला फिट म्हणतात हे कळलं, तोवर पाच महिने गेले होते. लहान बाळाच्या या फिटा मोठ्या माणसांच्या फिटांसारख्या नाट्यमय नसतात. नुसतं मान टाकून आखडणं असतं. पण तेवढ्यानं आतलं शिकणं थांबतं. ते पाच महिने कुणी परत दिले? त्या तिघांतल्या एकालाही ही मुलगी पुन्हा आठवली नसेल.

“बाहेरचं-बिहेरचं काही बघितलंत का?” मी नेहमीप्रमाणे विचारलं. येणाऱ्या दहांतली सात घरं आधी कुठंतरी अंगारा लावून आलेली असायची.

संगीताबरोबर तिची सासू आली होती. ती फणकारली. “आमी ते छप्पन सालीच सोडलं, बाई. माझा सासरा धम्म घिऊन आला तवापासनं आमच्या घरात लिंबू निस्तं जेवायला लागतंय.”

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, इथं निदान औषध चुकणार नाही. ते किती उलटं होणार होतं, ते पुढं कळलं.

आठवड्यातून दोनदा संगीता एसटीनं यायची, पोर मांडीवर, पिशवी खांद्याला. मी ट्यूबवर सुजाताला पालथी टाकायची, समोर खुळखुळा धरायची, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवायची. मान सेकंदभर उचलायची आणि धप्पकन खाली. संगीता घरी हेच दिवसातून चार वेळा करायची. तिच्याकडं ट्यूब नव्हती. ती स्वतः उताणी झोपून पोरीला छातीवर पालथी घ्यायची आणि तिच्या डोळ्यांसमोर गाणी म्हणायची.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी ती मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं तर खपली गव्हाची खीर, गुळाची, वर खोबऱ्याचे काप. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आयांना, आजोबांना, झाडूवाल्या मावशींना तिनं वाट्या भरून द्यायला सुरुवात केली. “मान धरली माझ्या पोरीनं! शंबर मोजूस्तवर धरली!”

गुरुवारी आमच्याकडं एक मोठे डॉक्टर मानद म्हणून यायचे. ते दारात थांबले. “काय, बारसं आहे का कुणाचं?”

“न्हाय साहेब. पोरीनं मान धरली.”

“वय काय?”

“एकवीस म्हैनं.”

ते हसले. वाईट माणूस नव्हते, पण हसले. “अहो, ही तीन महिन्यांची गोष्ट! एकवीस महिन्यांच्या पोरीनं मान धरली म्हणून खीर?” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, ह्या लोकांना उगाच आशा लावू नका हं. नंतर आपल्यालाच त्रास होतो.”

एका आईनं हातातली वाटी खाली ठेवली. मी काय केलं? मी रजिस्टर उघडलं आणि त्यात डोकं घातलं. तेरा वर्षं नोकरी झालेली बाई मी, मला मान वर करता आली नाही.

संगीतानं एक वाटी भरली आणि डॉक्टरांसमोर धरली. “तीन म्हैन्याच्या पोरांना मान फुकट मिळती साहेब. हिनं कमावली. घ्या.”

डॉक्टरांनी घेतली. उभ्या-उभ्या खाल्ली आणि आत गेले. मी त्या दिवशी सुजाताच्या कागदावर ‘मान धरते’ असं लिहिलं, आणि पुढं कंसात तारीख. त्याआधी मी तारखा लिहीत नव्हते. उशिरा आलेल्या गोष्टीची कशाला तारीख, असं कुठंतरी माझ्याही मनात होतंच. त्या डॉक्टरांत आणि माझ्यात फरक एवढाच की मी ते बोलून दाखवत नव्हते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एकदा संगीता दोन तास उशिरा आली. माझी पुढची मुलं रांगेत होती. मी ती दारात दिसताच खेकसले, “ही काय यायची वेळ?”

ती भिंतीला टेकून खाली बसली. साडीचा पदर मातीनं भरलेला. मग सांगायला लागली. एसटी चुकली म्हणून ती वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये बसली होती. वाटेत सुजाताला मोठी फिट आली. जीपमधली एक बाई ओरडली, चप्पल हुंगवा. एक माणूस किल्ल्यांचा जुडगा पोरीच्या दातांत घालायला लागला. संगीतानं त्याचा हात धरला, तर तो म्हणाला, “मरंल की ती, तुला अक्कल न्हाय?” आणि ड्रायव्हरनं एका फाट्यावर जीप थांबवून दोघींना खाली उतरवलं. गाडीत काही झालं तर माझ्यावर येईल, म्हणाला.

“मग तू काय केलंस?”

“तुमी शिकवलंय तसं. रस्त्याच्या कडंला पदर टाकला. कुशीवर निजवलं. तोंडात काय घातलं न्हाय. घड्याळ न्हवतं तर मोठ्यानं मोजाय लागलो. दोनशे चाळीसला थांबली.” ती मला समजावत होती, जणू मीच घाबरले होते. “मग दीड कोस चालत आलो. फुडं एसटी घावली.”

दहा-बारा माणसं बसलेली जीप. त्यातलं एकही त्या फाट्यावर तिच्याबरोबर उतरलं नाही. आणि ती इथवर पोचली तर पहिलं वाक्य काय ऐकलं, तर माझं. मी तिला पाणी दिलं. माफी मागायची सवय आमच्या पिढीला नव्हती, ती मागायला हवी होती.

सुजाता तीन वर्षांची होता-होता बसायला लागली. कोपरा-खुर्चीतून आधी, मग भिंतीला टेकून, मग एक दिवस मध्येच, कशालाही न टेकता, दोन्ही हात मांडीवर ठेवून एखाद्या वकिलासारखी. फिटा औषधानं महिन्याला एक-दोनवर आल्या होत्या. ती आईचा आवाज आला की मान वळवायची, हसायची. ‘आ’ म्हणायची. खीर पुन्हा आली. मीच बाहेर जाऊन वाटली.

त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही. चौथ्या आठवड्यात मधुकर एकटाच आला. दारात उभा राहून टोपी हातात घेऊन म्हणाला, “बाई, पोर दवाखान्यात हाय. फिट थांबंना झालती. दोन दिस डोळं उघडलं न्हाईत.”

काय झालं होतं, ते सांगते. पोरीला सर्दी झाली म्हणून त्यांनी तिला तालुक्यातल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘लहान मुलांचे’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी फिटच्या औषधाची बाटली बघितली आणि सांगितलं, “ह्यानंच मुलगी सुस्त राहते. मेंदूवर परिणाम होतो. बंद करा.” घरच्यांनी शिकलेल्या माणसाचं ऐकलं आणि त्याच दिवशी बाटली फेकून दिली. फिटचं औषध असं एका दिवसात तोडायचं नसतं. कमी करायचं तर ज्यांनी सुरू केलं त्यांच्या देखरेखीखाली, थेंबाथेंबानं. एकदम तोडलं की दबून बसलेल्या फिटा एकदम उसळतात. पाचव्या दिवशी तेच झालं.

आयुष्यभर मला लोक विचारत आले, “अडाणी लोकांच्या अंधश्रद्धेचा तुम्हाला फार त्रास होत असेल ना?” होतो. पण या घरानं अंगारा केला नव्हता, कोंबडं कापलं नव्हतं, पोरीला कुणाच्या पायावर घातलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला आणि त्यात पोर जायची वेळ आली.

मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी एसटीत बसले आणि त्या डॉक्टरांकडं गेले. मी ते कसं केलं मला माहीत नाही, मी भांडकुदळ नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही व्यायाम घेता. औषधातलं आम्हाला बघू द्या.”

“मग तुम्ही एवढंच लिहून द्या, की औषध मी बंद करायला सांगितलं.”

“मी फक्त सल्ला दिला. आईबापांनी तारतम्य बाळगायला नको?”

चहा आला. मी तो न पिता उठले. बाहेर आठ-दहा बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी पायऱ्या उतरून एसटी स्टँडवर गेले. घरी येईपर्यंत मी त्या डॉक्टरांशी मनातल्या मनात भांडत होते, आणि त्याचा त्या आठ-दहा बायकांना काय उपयोग होता?

नऊ दिवसांनी सुजाता घरी गेली आणि महिन्यानं माझ्याकडं आली. मी तिला बसवलं, ती घरंगळली. पालथी टाकली, मान उचलली नाही. आवाजाकडं वळत नव्हती. दीड वर्षाची मेहनत पुसून पाटी कोरी झाली होती.

संगीतानं विचारलं, “पयल्यापासनं?”

“पहिल्यापासून.”

तिनं पोरीला माझ्या हातातून घेतलं, स्वतःच ट्यूबवर पालथी टाकली आणि खुळखुळा उचलला.

या वेळी मान दोन महिन्यांऐवजी पाच आठवड्यांत आली. वाटेवरून एकदा गेलेल्या अंगाला ती वाट थोडी आठवते, असा माझा अनुभव आहे. आणि संगीता पुन्हा डबा घेऊन हजर. माझ्या तोंडातून निघून गेलं, “अगं, हे तर आधी झालंच होतं.”

“दुसऱ्यांदा धरली म्हंजी कमी धरली व्हय?” ती म्हणाली.

मी वाटी पुढं केली.

पुढची अडीच वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती आमच्या कामासारखीच रटाळ होती. बसणं, गुडघ्यावर येणं, धरून उभं राहणं, लोडाला धरून बाजूला सरकणं. मध्ये गोवर झाला, मध्ये औषध बदललं, मध्ये सासू वारली आणि संगीता दोन महिने येऊ शकली नाही. सुजाता साडेपाच वर्षांची असताना एका दुपारी ती लोड सोडून चालली. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकून पोरं ढोल बडवत आमच्या दारावरून चालली होती. त्या आवाजाकडं बघायला ती वळली आणि हात सुटला. चार पावलं. मधुकर नेमका त्या दिवशी आलेला, दाराशी उभा होता. पाचव्या पावलाला पोर त्याच्या गुडघ्यांवर आदळली. तो किती तरी वेळ तिला धरून तसाच वाकून उभा राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “माझ्याकडंच आली न्हवं बाई? ढोलाकडं न्हाय?”

“तुमच्याकडंच,” मी सांगितलं. खरं-खोटं मला माहीत नाही.

आता वाचकांना वाटेल, झालं, पोर चालली, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

गावच्या बालवाडीत तिला घेतलं नाही. फिट आली तर जबाबदारी कुणाची, असं तिथल्या बाई म्हणाल्या. फिट आली तर काय करायचं, ते मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. तो पुठ्ठा बाईंनी दुसऱ्या दिवशी संगीताच्या हाती परत पाठवला. पहिलीलाही तसंच. मग कोल्हापुरातल्या विशेष मुलांच्या एका शाळेत जागा होती, वसतिगृहासकट. पण तिथं अपंगत्वाचा सरकारी दाखला हवा. तो दाखला शिबिरात मिळायचा. सुजाता सात वर्षांची असताना तसं एक शिबिर लागलं. माझ्या ओळखीची आणखी तीन मुलं होती म्हणून मीही गेले.

अपंगांचं ते शिबिर पहिल्या मजल्यावर होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं नाही, पण वाचकांनी ते दोनदा वाचावं. बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण, उतारवाट नाही. कुबड्यांवरची माणसं कठड्याला धरून वर चढत होती. एक म्हातारा पायरीवर बसून, हातांवर अंग उचलून, पायरी-पायरीनं मागं सरकत वर जात होता. खाली शिपाई ओरडत होता, “लवकर, लवकर, साहेब एक वाजता उठतील.”

आणि आता मी माझी लाज सांगते. मला शिबिरं माहीत होती. तिथं कोण बसतं, किती वेळ बघतात, काय बघतात, हे माहीत होतं. मी संगीताला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “हिला उचलूनच वर ने. डॉक्टरांसमोर चालवू नकोस. मांडीवर बसवून ठेव. चालताना बघितलं तर दाखला देणार नाहीत.”

नेहमीचा तिचा मोठा आवाज त्या दिवशी एकदम खाली आला. “बाई, तुमी सांगताय?”

“शाळेसाठी सांगतेय, संगीता. एक दिवसाचा प्रश्न आहे.”

“पाच वरसं हिला चाल चाल म्हणून सांगितलं. आज चालू नगं म्हणून कसं सांगू? आन ती ऐकंल बी. तेच भ्या वाटतंय मला.”

तिनं सुजाताला कडेवरून खाली उतरवलं, तिचा एक हात कठड्यावर ठेवला, दुसऱ्या हातात स्वतःचं बोट दिलं. पोरगी एका पायरीवर दोन्ही पाय आणत, प्रत्येक पायरीला थांबून श्वास घेत, बावीस पायऱ्या चढली. वरच्या माणसांनी वाट दिली. तो म्हातारा वळणावर बसला होता, तो “शाब्बास गं” म्हणाला.

आत टेबलाशी हाडांचे डॉक्टर बसले होते. त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, “काय होतंय?”

मी सांगायला सुरुवात केली. जन्मताना रडली नाही, फिटा येतात, साडेपाचला चालली, तीन-चार शब्दच बोलते.

“चालवा.”

सुजाता दरवाज्यापासून टेबलापर्यंत चालली. हात थोडे वर, पाय थोडे फाकलेले, पण चालली. आणि टेबलाला धरून डॉक्टरांकडं बघून हसली, कारण चालून गेल्यावर समोरचा माणूस खूश होतो हे तिला आजवर माहीत होतं.

“चालते की. मग कशाला आणलीत? पुढचा.”

“साहेब, फिटा...”

“फिटचा रकाना नाही मॅडम. हे बघा.” त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. खरंच नव्हता. “मी हातपाय बघायला बसलोय. हातपाय धड आहेत.”

“बुद्धीच्या वाढीचं कोण बघणार?”

“ते डॉक्टर आज आले नाहीत.”

“कधी येतील?”

“कळवतील.” त्यांनी कागदावर ‘अपात्र’ लिहिलं आणि शिक्का मारला.

पाच वर्षं एका मुलीनं जे कमावलं, त्याला त्या टेबलावर अपात्र म्हणतात. पोर लोळागोळा राहिली असती तर तिला शंभरपैकी शंभर मार्क मिळाले असते. ती शिकली म्हणून नापास झाली. मी तिथं काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की शेजारच्या कारकुनानं मला “बाहेर बसा, आवाज करू नका” असं दोनदा सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. दाखला मिळाला, पण दीड वर्षानं, चार खेपा आणि मी लिहिलेल्या सहा अर्जांनंतर, दुसऱ्या रकान्यात, दुसऱ्या डॉक्टरांच्या सहीनं. तोवर त्या शाळेतली जागा गेली होती, ती आणखी एका वर्षानं मिळाली. सुजाता तिथं सात वर्षं शिकली. तिला नाव लिहिता येतं, शंभरपर्यंत मोजता येतं, छोटी वाक्यं बोलता येतात. गोळ्या रोज दोन वेळा, स्वतःच्या हातानं घेते. वर्षातून एखादी फिट अजून येते. आता ती गावी असते आणि सकाळी बापाबरोबर पाणी सोडायला जाते. कुठल्या गल्लीला कोणता व्हॉल्व्ह, ते तिला पाठ आहे. ती अडीच वर्षं फुकट गेली नसती तर आणखी किती शिकली असती, हे मला कुणी सांगू शकणार नाही, आणि हा हिशेब मी कुणाकडं मांडायचा तेही मला कळलेलं नाही.

पण त्या दिवशी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. हातात शिक्का मारलेला कागद होता. एक वाजत आला होता, आत टेबलं आवरली जात होती. आम्ही जिन्याच्या तोंडाशी आलो. संगीता पोरीला उचलून घ्यायला वाकली, कारण उतरताना तिला नेहमी उचलावंच लागायचं. चढणं सोपं असतं. उतरणं अवघड असतं. उतरताना मागच्या पायाच्या गुडघ्यानं सगळं अंग तोलून धरायचं आणि हळूहळू वाकायचं, आणि डोळ्यांसमोर थेट तळापर्यंत सगळं मोकळं दिसत असतं. हे मी तिला शिकवायला घेतलंच नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, म्हटलं होतं.

सुजातानं आईचा हात ढकलला. तिच्या तीन-चार शब्दांतला एक तिनं वापरला. “मी.”

संगीता तिच्या एक पायरी खाली गेली आणि तोंड तिच्याकडं करून उभी राहिली. हात पुढं केले नाहीत. सुजातानं कठडा दोन्ही हातांनी धरला. डावा पाय पुढं गेला, हवेत थांबला, परत आला. पुन्हा गेला. बराच वेळ लागला. मग तो पाय खालच्या पायरीवर टेकला, आणि मागून दुसरा आला. पोरगी खाली बघत होती, घामानं डबडबलेली.

मागून बुटांचे आवाज आले. डॉक्टर, कारकून आणि शिपाई जेवायला निघाले होते. शिपाई पुढं आला. “ओ बाई, बाजूला व्हा. उचला तिला. साहेबांना जायचंय.”

संगीतानं मान वर केली नाही. ती पोरीच्या पायांकडं बघत होती. आणि मी, जिनं आयुष्यभर रजिस्टरात डोकं घातलं, ती मी जिन्याच्या मधोमध आडवी झाले. एक हात कठड्याला, एक भिंतीला.

“थांबा,” मी म्हणाले. “पोरगी उतरतेय.”

“मॅडम, अहो...” डॉक्टर म्हणाले.

“थांबायचं.”

मी मागं वळून बघितलं नाही. खाली सुजातानं तिसऱ्या पायरीवर पाय टेकला. अजून एकोणीस होत्या, आणि सगळे साहेब माझ्या पाठीमागं उभे राहिले, ती शेवटची पायरी उतरेपर्यंत.